पंज्याची पकड

मी एक जुना पंजा आहे. तीन बोटांचा, पोलादी, दोरीला उलटा टांगलेला. मित्रांनो, गेम पार्लरमध्ये काचेची एक मोठी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात खाली कापसाच्या खेळण्यांचा ढीग असतो आणि वरून एक पंजा लोंबकळत असतो. बाहेरची दांडी हलवली की पंजा सरकतो. बटण दाबलं की खाली उतरतो, एखादं अस्वल नाहीतर ससा पकडतो आणि कोपऱ्यातल्या चौकोनी भोकाकडे निघतो. भोकात पडलं ते तुमचं. पण बहुतेक वेळा ते वाटेतच पडतं. मग तुम्ही हळहळता आणि मला बावळट म्हणता. तो बावळट मीच.

आता माझं वय झालंय. एक बोट वाकडं आहे, दोरी दोनदा बदलून झाली, आणि थंडीच्या दिवसांत खाली उतरताना मी कुरकुरतो. तरी मी आज अगदी निवांत आहे. का निवांत आहे तेच तुम्हाला सांगायचंय. थोडं पाल्हाळ होईल, पण आयुष्यभर उलटं टांगून राहिलेल्याला कुणी ऐकणारं भेटलं की तो आवरत नाही, एवढं समजून घ्या.

एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या बायकांनी तांब्याची बारीक तार गुंडाळून माझ्या डोक्यात तिचं वेटोळं बसवलं. त्या वेटोळ्यातून वीज गेली की माझी बोटं मिटतात. वीज जास्त असली तर पकड घट्ट, कमी असली तर सैल. एवढीच माझी शरीररचना. टेबलाच्या शेवटी चष्मा लावलेल्या एक बाई तपासणीला बसायच्या. त्यांनी माझ्या बोटांत किलोभर वजन दिलं आणि दहा वेळा उचलायला लावलं. दहाही वेळा मी ते सोडलं नाही. "हा गुणी आहे हं," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि माझ्या मानेवर त्यांनी हिरवा ठिपका लावला. मला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या हातून कधी काही पडायचं नाही, अशी माझी पक्की समजूत झाली.

ती समजूत आठ दिवस टिकली.

मला एका बाजारपेठेतल्या गेम पार्लरमध्ये आणलं गेलं. दुमजली इमारत, खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे गाड्यांच्या शर्यतीची चार यंत्रं, चेंडू टाकायची दोन, आणि दाराजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा, मी. मालक हसतमुख होते. पांढरा शर्ट, खिशात लिमलेटच्या गोळ्या. रडणाऱ्या पोराला ते लगेच एक गोळी द्यायचे. वाईट माणूस नव्हता हो, पण धंदा त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होता.

यंत्रांची देखभाल करायला एक तरुण मेकॅनिक होता. त्याला मी अरेतुरे करतो, कारण तो माझा सर्वांत जुना दोस्त. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या पेटीचं मागचं दार उघडलं आणि आत एक छोटी पट्टी बसवली. तिच्यावर दोन स्क्रू होते. एक स्क्रू पकडीचा आणि दुसरा मोजणीचा.

"विसात एकदा घट्ट," मालक म्हणाले. "बाकी वेळा उचलायचं, वरपर्यंत न्यायचं आणि भोकाच्या तोंडाशी सोडायचं."

"खाली सोडलं तर नाही चालणार?" मेकॅनिकने विचारलं.

"छे रे. खालीच पडलं तर माणूस दुसऱ्या यंत्राकडे जातो. तोंडाशी पडलं की तो पुन्हा नाणं काढतो. लोक हरल्यामुळे जात नाहीत, कंटाळल्यामुळे जातात."

मेकॅनिकने स्क्रू फिरवला आणि माझ्या बोटांतलं बळ गेलं. मी एक हत्ती उचलला, डौलात वर नेला, भोकाच्या अगदी काठाशी आलो आणि बोटं आपोआप सुटली. हत्ती काठावर आपटून परत ढिगात पडला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की विचारू नका. मालकांनी मात्र टाळी वाजवली. त्यांना हवं होतं ते हेच.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल फक्त पकडीचीच लबाडी असेल. तसं नाही. ढिगातली खेळणी इतकी दाबून बसवलेली असत की वरची दोन-चार सोडून बाकीची हलायचीसुद्धा नाहीत. एक पिवळं बदक कायम भोकाच्या कडेवर कलंडलेलं ठेवायचे, आत्ता पडेल की मग पडेल असं. ते खालून टाचणीने अडकवलेलं होतं. कुणी जिंकलं की सगळे दिवे लागत आणि भोंगा वाजे, म्हणजे पार्लरभर कळे. हरणाऱ्यासाठी आवाज नव्हता. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं की इथे सारखं कुणीतरी जिंकतंय.

पुढे नाणी जाऊन कार्ड आलं. नाणं हातातून जाताना जरा टोचतं, कार्ड टोचत नाही. शिवाय त्या कार्डातही मेख होती. एका खेळाला तीन गुण लागत, पण कार्डात गुण भरायचे ते दहाच्या हिशेबाने. तीन खेळ झाले की एक गुण उरायचा. एका गुणात खेळता येत नाही आणि तो फुकट घालवायलाही जीव होत नाही. मग माणूस आणखी दहा भरायचा. ही युक्ती ज्याने काढली त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तो शाळेत गणितात हुशार असणार.

पार्लर सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात तिथे एक पेंटर आले. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची नावं हाताने रंगवणारे. ते मेकॅनिकचे भाऊजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अबोल माणूस. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. मनगट काचेला टेकवायचे, श्वास रोखायचे आणि कुंचला एका दमात इकडून तिकडे. माझ्या काचेवर त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं, "दाखवा हाताची कमाल." मी आतून ती अक्षरं उलटी पाहायचो, तरी त्यांचा डौल कळायचा.

खरं तर त्या दिवसांत पेंटरांचं काम कमी होत चाललं होतं. दुकानदार छापील पाट्या आणत. एका रात्रीत छापून मिळते, मग हाताने लिहून घ्यायला आठ दिवस कोण थांबणार? कुणी त्यांना तोंडावर काही बोलत नव्हतं. पण रस्त्याने जाताना ते पाट्यांकडे बघायचे टाळत, असं मेकॅनिक एकदा म्हणाला होता.

उद्घाटनाच्या दिवशी मालकांनी स्क्रू पूर्ण घट्ट करायला सांगितला. पहिल्या दिवशी लोक जिंकले पाहिजेत, बाहेर गवगवा झाला पाहिजे. पेंटर रंगाचं उरलेलं सामान न्यायला आले होते. मालक म्हणाले, "या, एक डाव तुमचा. तुमच्या हाताची करामत आम्ही काचेवर पाहिलीच आहे."

पेंटरांनी दांडी धरली. तसाच श्वास रोखला. मी खाली गेलो, एका करड्या सशाला मिठी मारली आणि थेट भोकात नेऊन सोडलं. दिवे लागले, भोंगा वाजला, जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेकॅनिकनेही वाजवल्या. "याला म्हणतात हात," मालक म्हणाले. पेंटर लाजले. त्यांच्या हाताला गेल्या दोन वर्षांत कुणी एवढी दाद दिली नव्हती. मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मी धरलेलं वाटेत सोडलं नव्हतं.

दोन दिवसांनी पेंटर परत आले. मग रोजच येऊ लागले. आता पकड सैल होती. पहिले काही डाव हरल्यावर ते हसले. मग त्यांनी दांडी कशी धरायची याचा विचार सुरू केला. मनगट टेकवून बघितलं, न टेकवता बघितलं. पेटीच्या बाजूला जाऊन एक डोळा मिटून अंतर जोखायचे. मी सगळं पाहत होतो. त्यांचा नेम कधीच चुकला नाही, हे मी शपथेवर सांगतो. मी दरवेळी नेमका खेळण्याच्या पोटावर उतरायचो, दरवेळी उचलायचो, आणि दरवेळी काठाशी आलो की माझीच बोटं दगा द्यायची. वीस-बावीस डावांनी एखादं खेळणं पडायचं. तेवढ्यावर ते चार दिवस तग धरायचे.

"थोडक्यात हुकलं," मालक पाठीवर थाप मारून म्हणायचे. "उद्या जमणार बघा."

आधी ते कामावरून परतताना यायचे. मग दुपारी येऊ लागले. मग कामाला जायच्या आधीच. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. एका दुपारी सलग अठरा डाव हरल्यावर त्यांनी दांडी सोडली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. बोटं उघडली, मिटली. "गेला," ते पुटपुटले. मी काचेपलीकडून ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, की अहो, तुमचा नाही, माझा हात खोटा आहे. पण मला आवाज नाही. मला फक्त भोंगा आहे, आणि तोही विसातून एकदा.

त्यानंतर महिन्याभरात एक काम आलं. गावातल्या नव्या वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं होतं. अक्षरं पुरुषभर उंच. वाचनालयाच्या लोकांना छापील पाटी नको होती, हाताचंच काम हवं होतं, आणि त्यांनी पेंटरांनाच विचारलं होतं. असं काम आता पुन्हा येण्याची आशा नव्हती. पेंटरांनी नाही म्हणून सांगितलं.

हे मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेंटरांच्या पत्नी पार्लरमध्ये आल्या. हातात कापडी पिशवी, चेहरा ओढलेला. मेकॅनिक माझी काच पुसत होता. तो दचकला.

"ताई, तू इथे?"

"तुझ्याशीच बोलायचंय." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांचा दिवस या डब्यापुढे जातो. पैसे जातात ते जातात, मी काटकसर करीन. पण काल वाचनालयाचं काम सोडलं. म्हणतात, माझा हात गेलाय, भिंतीवर चढून माझं हसं करून घेऊ का? परवापर्यंत होकार नाही कळवला तर ते लोक पाटी छापून आणणार आहेत."

मेकॅनिक काचेवरचा एकच डाग पुसत राहिला.

"मला एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "हे खरंच हाताचं काम आहे का? तू ही यंत्रं उघडतोस, बंद करतोस. माझ्याकडे बघून सांग."

मेकॅनिकने वर पाहिलं. पलीकडे गल्ल्याजवळ मालक बसले होते. कामावर घेतानाच त्यांनी बजावलं होतं, मागच्या दारात काय आहे ते बाहेर गेलं तर त्या दिवशी नोकरी गेली म्हणून समज. "ताई, तू घरी जा," तो कसाबसा म्हणाला. "मी बघतो."

"तू बघतोस आणि मी वाट बघते," असं म्हणून त्या गेल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच मेकॅनिकला जास्त लागलं असावं. उरलेला दिवस त्याचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. शर्यतीच्या गाडीचं चाक त्याने उलटं बसवलं.

संध्याकाळी पेंटर नेहमीप्रमाणे आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "भाऊजी, उद्या सकाळी उघडायच्या आधी या ना. काचेवरच्या अक्षरांचा रंग उडालाय."

"मला नाही जमायचं रे आता."

"या तर खरं."

सकाळी शटर अर्धंच वर होतं. पेंटर वाकून आत आले, रिकाम्या हाताने. कुंचले आणलेच नव्हते.  मेकॅनिकने किल्ली लावून माझं मागचं दार उघडलं आणि त्यांना हाताला धरून तिथे उभं केलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीला वारा लागला.

"हा स्क्रू बघा," तो म्हणाला. "आता मी तो घट्ट करतो. पुढे जा आणि खेळा."

पेंटर खेळले. मी माकड उचललं आणि भोकात टाकलं. भोंगा वाजला. रिकाम्या पार्लरमध्ये तो फार मोठा वाटला.

"आता सैल करतो. परत खेळा."

मी अस्वल उचललं आणि काठाशी सोडलं.

"आता परत घट्ट. या वेळी डोळे मिटून खेळा."

पेंटरांनी डोळे मिटले आणि दांडी कशीही हलवली. मी कुठेतरी उतरलो, एका माशाची शेपटी माझ्या बोटांत आली आणि मी ती धरून ठेवली. मासा भोकात पडला. पेंटरांनी डोळे उघडले आणि माशाकडे पाहिलं. मग ते मागच्या दाराशी येऊन स्क्रूवर वाकले.

"म्हणजे त्या पहिल्या दिवशीही?"

"त्या दिवशीही. मीच घट्ट करून ठेवला होता."

"टाळ्या वाजवणाऱ्यांत तूही होतास."

"होतो," मेकॅनिक म्हणाला.  "चुकलं माझं, भाऊजी. तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरीची भीती वाटली."

पेंटर उलट्या ठेवलेल्या एका खोक्यावर बसले. मला वाटलं, आता हे मेकॅनिकला दोन शब्द सुनावतील किंवा माझी काच फोडतील. फोडली असती तरी मी तक्रार केली नसती. पण त्यांनी मेकॅनिकच्या खिशातलं जाड पेन काढून घेतलं. शेजारी खेळण्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा पडला होता. तो मांडीवर घेतला, मनगट टेकवलं, श्वास रोखला आणि एका दमात एक वर्तुळ काढलं. ताटाएवढं वाटोळं. टोकाला टोक जुळलं. त्यांनी पुठ्ठा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग त्याच्या आत दुसरं काढलं, त्याच्या आत तिसरं.

"आहे रे," ते म्हणाले. "हात आहे. जागेवर आहे." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मेकॅनिक त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला. त्या दोघांना तसं बघून माझा जीव भांड्यात पडला. किती महिन्यांचं ओझं त्या सकाळी माझ्या बोटांवरून उतरलं, ते मला सांगता येणार नाही.

मेकॅनिक भला होता, त्याने लपवाछपवी केली नाही. मालक आल्यावर त्याने स्वतःच सगळं सांगितलं. मालक चिडले नाहीत. त्यांनी एक लिमलेटची गोळी सोलली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "मी कुणाला ओढून आणतो का?"

"आणत नाही," मेकॅनिक म्हणाला. "पण आलेल्याला जाऊही देत नाही आपण."

"किल्ल्या ठेव इथे." एवढंच बोलून मालक गल्ल्याकडे वळले. मेकॅनिकने किल्ल्या ठेवल्या, माझं मागचं दार नीट बंद केलं आणि तो निघून गेला.

त्याच्या जागी दुसरा मेकॅनिक आला. पुढची सहा-सात वर्षं मी पूर्वीसारखाच उचलत आणि सोडत राहिलो. हे सांगताना मला लाज वाटते, पण खरं आहे ते सांगितलं पाहिजे. फक्त पेंटर पुन्हा कधी आले नाहीत. दाराशी पावलं वाजली की मी बघायचो, आणि ते नाहीत म्हटल्यावर मला हायसं वाटायचं. कुणी आलं नाही म्हणून खूश होणारा पार्लरमधला मी एकटाच असेन.

मग लोक हातातल्या फोनवर खेळू लागले आणि पार्लर ओस पडलं. माझी काच धुळीने आंधळी झाली. बदकाची टाचणी गंजली. ते एके रात्री आपोआप भोकात पडलं, आणि ते घ्यायला समोर कुणीही नव्हतं. मालकांच्या पुतण्याने फोनवरच्या खेळांचा धंदा सुरू केला. यंत्रं विकायला काढली तेव्हा तो म्हणाला, "काका, आता स्क्रू फोनच्या आत असतो. तेल नको, मेकॅनिक नको. कुणाची पकड कधी सैल करायची ते आपोआप ठरतं, आणि प्रत्येकाची वेगळी."  माझं निदान मागचं दार तरी उघडता येत होतं.

भंगाराच्या भावात मला विकत घेणारा माणूस आला, तो आपला मेकॅनिकच. त्याचं आता स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, असं काय काय तिथे येतं. त्याने मला कोपऱ्यात उभं केलं, ती पट्टी दोन्ही स्क्रूंसकट उपटून काढली आणि तार सरळ जोडून दिली. मागचं दार त्याने कायमचं काढून टाकलं. आता मोठी माणसं पंखा दुरुस्त होईपर्यंत थांबतात आणि त्यांची मुलं माझ्याशी फुकट खेळतात. नेम चुकला तर रिकाम्या हाताने परततात आणि नेम लागला तर खेळणं घेऊन जातात. मी जे धरतो ते भोकापर्यंत नेतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा माझी तिन्ही बोटं थरथरत होती. खेळणाऱ्या मुलीला वाटलं यंत्र बिघडलंय.

दुकानाची पाटी रंगवायला पेंटर आले होते. केस पांढरे झालेत. वाचनालयाची भिंत त्यांनी अकरा दिवसांत पूर्ण केली होती, खाली ताई शिडी धरून उभ्या होत्या, हे सगळं मला मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं. ती भिंत बघून मग आणखी दोन शाळांनी बोलावलं, एका दवाखान्याने बोलावलं. पाटी लिहून झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि ते माझ्यापाशी आले. मी घाबरलो. मागच्या उघड्या दारातून त्यांनी हात आत घातला आणि माझी तीन बोटं आपल्या मुठीत धरली. माणसं भेटल्यावर धरतात ना, तशीच. थोडा वेळ धरून ठेवली.

"तुझाही दोष नव्हता," ते म्हणाले.

मित्रांनो, मी पोलादी आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवसापासून मी निवांत आहे.

तुम्ही खेळा, खेळायलाच हवं. फक्त एखादा खेळ तुम्हाला सारखा थोडक्यात हरवू लागला आणि तुम्ही स्वतःलाच नावं ठेवू लागलात, तर जरा थांबा. याचा स्क्रू कुठे आहे आणि तो कोण फिरवतं, हे मोठ्याने विचारा. उत्तर मिळालं नाही तर उठा. घरी जाऊन एक कागद घ्या आणि त्याच्यावर वर्तुळ काढून बघा. ते वाकडं आलं तरी हरकत नाही, ते तुमच्या हाताने काढलेलं असेल.